आजीच्या बोलीतले स्वनिम कसे शोधायचे

"इहिरीतला गाय काढला, तवा कुठं पानी लागलं."

हे माझ्या आजीचं वाक्य, तिच्या वऱ्हाडी बोलीतलं. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवते. बी.ए.च्या मुलांना भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला हे रेकॉर्डिंग दरवर्षी ऐकवते. एका वर्षी मुंबईहून नुकतीच आलेली एक मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, गाय विहिरीत पडली होती?" बाकीच्यांना तिचा प्रश्नच कळेना. त्यांच्या घरीही विहिरीतून निघतो तो 'गाय'च. मी तिला विचारलं, "खरंच गाय असती तर आजी काय म्हणाली असती?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "काढली."

बरोबर. माझ्या आजीच्या तोंडी ळ नाही. शाळा ती शाया, डोळा तो डोया, जवळ ते जवय. गाळ आणि गाय यांचा आवाज एक झाला तेव्हा अर्थ सांभाळला क्रियापदाच्या लिंगाने. पुण्यात एम.ए. करताना 'शाया' म्हटल्यावर भर वर्गात मला "शुद्ध बोला" असं सांगितलं गेलं होतं. ते फार लागलं, आणि आजीच्या बोलीला तिची स्वतःची नीट व्यवस्था आहे हे दाखवून देण्याची जिद्द तिथूनच आली. ते दाखवायची रीत इथे लिहिते. तुमच्या घरी मालवणी असो, अहिराणी असो, आगरी असो, रीत तीच.

दोन शब्द आधी पक्के करून घ्या. तोंडातून निघणारा कोणताही भाषिक आवाज म्हणजे स्वन. असे आवाज मोजायला गेलात तर संपणार नाहीत, कारण एकच माणूस एकच शब्द दोनदा अगदी सारखा कधी उच्चारत नाही. पण त्या असंख्य आवाजांतून भाषा मोजकी एककं निवडते, ज्यांच्या अदलाबदलीने शब्दच बदलतो. अशा एककाला स्वनिम म्हणतात. एकाच स्वनिमाची जागेप्रमाणे वेगवेगळी रूपं ऐकू येतात, ती त्याची स्वनांतरं.

तयारी

मोबाइल, वही, आरसा, दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी. एवढं पुरतं. बोलणारी व्यक्ती घरातली सर्वांत म्हातारी आणि गाव सोडून फारशी न राहिलेली असावी. रेकॉर्ड करतोय आणि कशासाठी ते आधी सांगा, त्यांचा होकार घ्या. पंखा आणि टीव्ही बंद. मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर, वीतभर अंतरावर ठेवा, म्हणजे भांड्याची किंवा बाजेची कुरकुर त्यात उतरत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. शब्द लिहून वाचायला देऊ नका. माझी आजी चौथी शिकलेली. कागदावर 'डाळ' लिहून दिलं की ती शाळेतल्यासारखी ताठ बसून 'डाळ' म्हणते. डब्याचं झाकण उघडून "हे काय?" विचारलं की म्हणते, "डाय हाये, दुसरं काय?" हा दुसरा उच्चार आपल्याला हवा आहे. "तू असं म्हणतेस की तसं?" हेही विचारू नका, कारण माणूस त्याला जे चांगलं वाटतं ते सांगतो. वस्तू दाखवा, अवयवाला हात लावा, रेसिपी विचारा, पेरणीचं विचारा.

सुटे शब्द हवेच असतील तर ठरावीक वाक्यात बसवून घ्या: "आता ___ म्हन." यादी घडाघडा म्हणायला लावली की शेवटच्या शब्दाचा सूर खाली जातो आणि तुलना बिघडते. प्रत्येक शब्द निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी मिळवा.

जोड्या लावणे

मुख्य काम हेच. दोन शब्द असे शोधायचे की सगळे आवाज सारखे, एकाच जागी एक आवाज वेगळा, आणि अर्थ वेगळा. याला लघुतम युग्म म्हणतात. जोडी सापडली की ते दोन आवाज त्या बोलीत दोन स्वनिम आहेत हे सिद्ध झालं. ताट आणि थाट, म्हणून त आणि थ वेगळे. कोन आणि कोण, म्हणून प्रमाण मराठीत न आणि ण वेगळे. आजी भूमितीतला कोन काढत नाही, आणि 'कोण आलं?' हे 'कोन आलं?' असंच विचारते. मनालाही मन आणि चाळीस शेरांच्या मणालाही मन. तिच्याकडून मला न-णची एकही जोडी मिळाली नाही.

इथे लिपी फार फसवते, दोन्ही बाजूंनी. आधी दोन आवाजांना एक अक्षर देण्याचा प्रकार बघा. 'जग फार मोठं आहे' आणि 'शंभर वर्षं जग'. दोन्ही 'जग' मोठ्याने म्हणा. पहिल्यात जीभ टाळूला पसरून लागते. दुसऱ्यात जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे येतं आणि आवाजात जरा घासल्यासारखी धार असते. 'चार आंबे' आणि 'गुरांना गवत चार' यांतल्या 'चार'चंही तेच. माणसाची 'जात' एक, आणि 'घरी जात आहे' मधला 'जात' निराळा. व्याकरणात दुसऱ्या प्रकाराला दंततालव्य म्हणतात. मी वहीत त्याखाली टिंब देते: च़, ज़, झ़. देवनागरी वर्णमालेत त्यांना स्वतंत्र घर नाही, कारण ती वर्णमाला संस्कृतच्या मापाने बेतलेली आहे आणि मराठी तिच्यात मागून राहायला आली. आपण मात्र वाचताना एकदाही चुकत नाही. 'चांदी' आणि 'चांदणं' यांचे च कोणी न शिकवता वेगळे म्हणतो.

उलट बाजूला अक्षरं दोन आणि आवाज एक. श आणि ष बोलताना कोण वेगळे करतं? ऋतू आणि रुतू? ही अक्षरं लिहायला शिकायलाच हवीत, पण स्वनिमांच्या यादीत त्यांना वेगळी ओळ देऊ नका.

जोडीतले दोन्ही शब्द त्याच बोलीत रोज वापरातले हवेत. मुलं हमखास 'दिन' आणि 'दीन' घेऊन येतात. मी विचारते, घरी कोण म्हणतं 'दीन'? असे शब्द पुस्तकातून येतात आणि फरक बहुधा कागदावरच राहतो. याउलट बाग आणि बॅग, हाल आणि हॉल या जोड्या पक्क्या आहेत. इंग्रजी शब्दांबरोबर आलेले ॲ आणि ऑ आता मराठीत अर्थ बदलतात, म्हणजे ते स्थिरावले. राज्य शासनाने २००९ मध्ये त्यांना वर्णमालेत जागा दिली, लोकांनी ती कितीतरी आधी दिली होती.

जोडी नाही मिळाली तर

तर लगेच निकाल देऊ नका. दोन्ही आवाजांच्या नावाने वहीचं पान मधोमध दुभंगा आणि प्रत्येकाच्या खाली तो आवाज शब्दात कुठे येतो ते लिहीत जा: सुरुवातीला, शेवटी, कोणत्या स्वराआधी, कोणत्या व्यंजनानंतर.

ऊ आणि उ घ्या. फूल, पण फुलं. मूल, पण मुलं. सून, पण सुना. ई-इचंही तसंच: खीर, पण खिरी. विहीर, पण विहिरी. पान भरत जाईल तसं दिसेल की रोजच्या मराठी शब्दांत लांब कुठे आणि आखूड कुठे हे बहुतेक वेळा जागाच ठरवते. शब्दाच्या शेवटी लांब, व्यंजनान्त शब्दाच्या शेवटच्या अक्षरात लांब, त्याच्यापुढे आणखी एक स्वर जोडला की आखूड. एक जिथे येतो तिथे दुसरा येत नाही. याला परिपूरक विनियोग म्हणतात, आणि असं असेल तर दोघे एकाच स्वनिमाची स्वनांतरं असण्याची शक्यता मोठी. शुद्धलेखनात ह्रस्व-दीर्घ इतकं छळतं त्याचं कारण इथेच आहे: कानाला जे वेगळं लागत नाही ते डोळ्याने पाठ करावं लागतं.

दंततालव्य च़ची गोष्ट जरा वेगळी. 'आ'च्या आधी तो आणि तालव्य च दोघेही येतात, म्हणून चारची जोडी लागते. पण ई-एच्या आधी फक्त तालव्य: घरच़ा, घरची. माझ़ा, माझी. चमच़ा, चमचे. म्हणजे एका ठिकाणी दोन स्वनिम एकमेकांसमोर उभे असतात आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यातला भेद मावळतो.

असा मावळलेला भेद मराठीत आपण रोज एका टिंबाने लिहितो. अंग, पंचवीस, खंड, अंत, आंबा. पाचही ठिकाणी अनुस्वार एकच, पण बोट तोंडात घालून तपासलंत तर पहिल्या चार शब्दांत जीभ चार जागी सापडेल, आणि आंब्याला तर जीभ काहीच करत नाही, ओठ मिटतात. पुढचं व्यंजन जिथे, तिथे अनुनासिक. आपल्या व्याकरणात याला परसवर्ण म्हणतात. इथे न की म हा प्रश्नच उरत नाही, फक्त 'नाकातला आवाज' एवढंच शिल्लक राहतं. निकोलाय त्रुबेत्स्कॉय या रशियन अभ्यासकाने, जो पुढे व्हिएन्नाला शिकवायचा, अशा भेद मावळलेल्या एककासाठी स्वतंत्र संकल्पना मांडली. त्याचं मुख्य पुस्तक तो गेल्यानंतर १९३९ मध्ये छापलं गेलं. ते समजून घेताना मला पानभर जर्मन उदाहरणांपेक्षा आपला अनुस्वार जास्त उपयोगी पडला. मुलांनाही तोच पडतो.

तिसरी शक्यता: दोन्ही आवाज एकाच जागी येतात, पण अर्थ हलत नाही. 'फार'मधला फ कोणी दोन्ही ओठ मिटून म्हणतं, कोणी वरचे दात खालच्या ओठाला लावून. आरशात बघा, लगेच दिसतं. माझी आजी पहिल्यासारखं म्हणते, माझा भाऊ दुसऱ्यासारखं, आणि दोघांचं 'फार' एकच. हे मुक्त परिवर्तन. वयाप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे ते बदलतं का हे टिपून ठेवा, पण स्वनिम एकच मोजा.

मिसळलेले आवाज तपासायची कसोटी

आता पुन्हा गाळ आणि गाय. "आजी दोन्ही सारखं म्हणते" हे मला वाटलं, पण माझा कान पुण्यात घडलेला, तो कदाचित बारीक फरक गाळत असेल. म्हणून निकाल आजीच्याच कानावर सोपवला.

तिच्या गप्पांतून 'गाळ' या अर्थाचे दहा उच्चार आणि जनावराच्या अर्थाचे दहा, असे वीस तुकडे कापले. प्राट नावाची मोफत संगणकप्रणाली आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी केलेली. तीत हे काम सोपं जातं. 'काढला-काढली' अजिबात आत येऊ द्यायचं नाही, फक्त तो एक शब्द. तुकड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. मग आजीला एकेक ऐकवून विचारलं, "यातला कोनता? चिखलाचा का गोठ्यातली?"

वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी दहाच्या आसपासच आले असते. आठव्या तुकड्याला ती वैतागून म्हणाली, "अवं, पुरं वाक्य ऐकव ना, नुसत्या शब्दात काय कयते?" याहून नेमका पुरावा मला कोणी दिला नसता. अठरा-एकोणीस बरोबर आले असते तर समजायचं की भेद जिवंत आहे आणि आपल्या कानाला तो पकडता येत नाही. तेव्हा ध्वनिचित्र, म्हणजे आवाजाचा आलेख, काढून फरक कुठे आहे ते शोधावं.

हीच कसोटी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या 'जग' आणि 'ज़ग'वर करून बघा. वीसपैकी वीस येतात.

स्वनिमाच्या आत

इथपर्यंत यादी तयार होते. पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि मला ते अर्धं काम वाटतं, कारण स्वनिम ही शेवटची पायरी नाही. काल, खाल, गाल, घाल. हे चार शब्द एकाखाली एक लिहा आणि पट्टी ओठांसमोर धरून म्हणा. 'खाल'ला पट्टी 'काल'पेक्षा जास्त हलते. ओठांचा आवाज असेल तर आणखी स्पष्ट दिसतं: पार, फार, बार, भार, मात्र 'फार' ओठ मिटून म्हणा. आता बोटं कंठावर ठेवा आणि आवाज लांबवता येणारी जोडी घ्या, 'स्स्स' आणि मग ज़चा घासता भाग 'ज़्ज़्ज़'. एकाला कंठ शांत, दुसऱ्याला थरथर. गालच्या गमध्ये हीच थरथर आहे.

म्हणजे क-ख-ग-घ ही चार सुटी माणसं नाहीत. जागा एकच, आणि वर दोन बटणं: कंठ थरथरतो की नाही, श्वास जोराने सुटतो की नाही. दोन बटणांचे चार मेळ. घोष-अघोष आणि महाप्राण-अल्पप्राण हे शब्द आपण सहावीत पाठ केले, पण ती आवाज बांधायची सामग्री आहे हे तेव्हा कोणी हात धरून दाखवलं नाही. क, च, ट, त, प हे पाच वर्ग घशाकडून ओठांकडे येतात, आणि प्रत्येक वर्गातली पाच अक्षरं ही बटणं चालू-बंद करत जातात, शेवटी नाक उघडतं. मुळाक्षरांचा तक्ता हा तक्ताच आहे, उभ्या-आडव्या ओळींचा. पाणिनीने सवर्ण कोणाला म्हणायचं ते सांगताना 'तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्' एवढंच म्हटलं: मुखातलं स्थान आणि प्रयत्न ज्यांचे सारखे, ते सवर्ण. विसाव्या शतकात रोमान याकोबसन, गुन्नार फांट आणि मॉरिस हाले यांनी १९५२ मध्ये स्वनिमांना अशा होय-नाही लक्षणांच्या जुड्या म्हणून मांडलं. त्यांना भेदक लक्षणं म्हणतात. जगातल्या सगळ्या भाषांना पुरेल अशी लक्षणांची छोटी यादी असावी, हा त्यांचा ध्यास होता. १९६८ मध्ये चॉम्स्की आणि हाले यांनी ती यादी बदलून वाढवली.

कोणती बटणं अर्थ बदलतात हे भाषेवर असतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला 'पिन' म्हणायला लावा, पट्टी हलते. 'स्पिन' म्हणायला लावा, जवळजवळ हलत नाही. पण त्याच्या लेखी दोन्ही प एकच आहेत. श्वासाचं बटण त्याच्या तोंडात आहे, अर्थ त्यावर टांगलेला नाही. म्हणून त्याला आपलं 'काल' आणि 'खाल' वेगळं ऐकायला शिकावं लागतं.

ही लक्षणं केवळ अभ्यासकांच्या डोक्यात नसतात, याचा पुरावा मला माझ्या भाच्याने दिला. तो अडीच वर्षांचा असताना काकाला 'ताता' म्हणायचा. खाऊ 'थाऊ', आणि गाय 'दाय'. नीट बघा. क चा त, ख चा थ, ग चा द. जीभ मागे न्यायचं त्याला जमत नव्हतं, म्हणून जागा पुढे सरकली. पण श्वास जिथे हवा तिथे होता, थरथर जिथे हवी तिथे होती. खाऊचा 'ताऊ' त्याने एकदाही केला नाही. त्याने स्वनिमाचा एक धागा बदलला आणि बाकीचे तसेच ठेवले. घरात लहान मूल असेल तर महिनाभर वही ठेवा. मग पुढे ते 'काका' म्हणायला लागलं की बहुधा ख आणि गसुद्धा मागोमाग येतात.

आता तुमच्या बोलीचा तक्ता काढा. आडव्या ओळीत जागा, उभ्या स्तंभात लक्षणं, आणि सापडलेला स्वनिम आपापल्या खणात. रिकामे खण नीट बघा, मी त्यांच्याकडेच सर्वांत जास्त वेळ बघत बसते. आजीच्या तक्त्यात मूर्धन्य, म्हणजे जीभ वळवून म्हणायच्या आवाजांच्या ओळीत ट, ठ, ड, ढ जागच्या जागी आहेत. रिकामे आहेत दोन, ण आणि ळ. हे दोघेच का गेले? दोघांतही हवा पूर्ण कोंडून फुटत नाही, ती नाकातून किंवा जिभेच्या कडेने वाहत राहते आणि कंठ निनादत असतो. आजीच्या बोलीने जीभ वळवणं सोडलं नाही, फक्त वाहत्या आवाजांत सोडलं. 'वऱ्हाडी माणसाला ळ येत नाही' या वाक्यात हे काहीच दिसत नाही. अक्षर अक्षर सुटं बघितलं तर ही दोन वेगवेगळी व्यंगं वाटतात, लक्षणांनी बघितलं की एकच नियम.

एक खण मात्र मी अजून पेन्सिलीनेच भरते. नाणं आणि न्हाणं ही जोडी आजीकडे 'नानं' आणि 'न्हानं' अशी पक्की आहे. पण न्ह हा एक स्वनिम, की न आणि ह असे दोन? म्हैस, कोल्हा, व्हय, सगळीकडे हाच प्रश्न. लिपी जोडाक्षर दाखवते. छंदःशास्त्र मात्र 'तुम्ही' आणि 'पुन्हा' यांच्या पहिल्या अक्षराला लघू धरतं, कारण तिथे जोडाक्षराचा आघात येत नाही. एरवी जोडाक्षराआधी अक्षर गुरू होतं. हे एकपणाच्या बाजूने जातं. घरी तपासायचं असेल तर टाळ्या वाजवून शब्द तोडायला सांगा. आधी 'पुस्तक' द्या, म्हणजे खेळ कळतो: पुस्, तक्. मग न सांगता 'तुमी-आमी' न म्हणणाऱ्या माणसाला 'तुम्ही' द्या, आणि 'कोल्हा' सगळ्यांनाच. आजीने एक टाळी वाजवली, "को". दुसरी वाजवली, "ल्हा". तीन दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही तसंच. तिच्यापुरतं ल्ह मी तक्त्यात एका खणात लिहिलं आहे.